मानेतल्या पट्ट्यावरचा शेवटचा आकडा

माझ्या फोटोंना काळी कड असते. गोल. मधोमध पक्षी आणि भोवती काळोख. पहिल्यांदा हे फोटो घरच्यांना दाखवले तेव्हा माझ्या मेहुण्यानं विचारलं, "हे बोअरच्या पायपातनं काढलं व्हय?" मी त्याला समजावलं. लांबचं बघायचा स्कोप तिपाईवर लावायचा, पक्षी त्यात धरायचा, आणि आपण जिथं डोळा लावतो तिथं खिशातला साधा डिजिटल कॅमेरा लावून बटण दाबायचं. याला डिजिस्कोपिंग असं भारदस्त नाव आहे. मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग पायपच की." तेव्हापासून मी कुणाला समजावत बसत नाही.

मी सरकारी खात्यात जमिनीचा मोजणीदार होतो. साताऱ्यात, पाटणला आणि शेवटची वर्षं कोरेगावात नोकरी झाली. आयुष्यभर दुर्बिणीतून दुसऱ्यांच्या बांधाकडं बघितलं. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि मधे चार बोटं जमीन, जी दोघांनाही हवी. दोघंही मला चहा पाजायचे. मी दोघांचाही चहा प्यायचो आणि दुर्बिणीत जे दिसेल तेवढंच फील्डबुकात लिहायचो. झाडाखाली बसून, न बघता आकडे भरणाऱ्या मोजणीदाराइतका हलका माणूस जगात नाही, असं माझं मत होतं. हे मत मी निवृत्तीच्या समारंभात बोलून दाखवलं, नंतर दोन लग्नांत आणि एका बारशात बोललो, आणि बायको म्हणते की झोपेतही बोलतो. वाचणाऱ्यानं ते लक्षात ठेवावं. पुढं माझ्याच तोंडावर मारायला उपयोगी पडणार आहे.

आमच्या भागात पक्ष्यांचे फोटो काढणारी खरी मंडळी वेगळी. त्यांना मी तोफवाले म्हणतो. सांगलीहून येतात, साताऱ्याहून येतात, रविवारी तर विचारू नका. दंडाएवढ्या लेन्स, त्यांना झाडाच्या पानांच्या छापाचं कापड गुंडाळलेलं, अंगात तसलाच शर्ट, डोक्यावर तसलीच टोपी, आणि गाडी मात्र पांढरीशुभ्र. ती थेट तळ्याच्या काठापर्यंत आणायची, चारही दारं धाडधाड लावायची आणि मग एकमेकांना "शू:" करायचं. पक्षी उडाले की सगळे खूश, कारण उडतानाचे फोटो मिळाले. त्यातले एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी मला त्यांचा खंड्या दाखवला. खंड्याच्या डोळ्यात त्यांच्या गाडीचं प्रतिबिंब दिसत होतं, नंबरप्लेटसकट. मग माझे काळ्या कडेचे फोटो बघून ते म्हणाले, "छान आहे काका. या वयात काहीतरी हौस पाहिजेच." मी त्या दिवशी ठरवलं, दात सगळे पडले तरी चालतील, या माणसाकडं जायचं नाही.

स्कोप माझा नव्हे. तो सुभेदारांचा. आमच्या गल्लीत माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात. फौजेत त्यांचं बरीच वर्षं एक काम होतं. फायरिंग रेंजवर नेमबाजाच्या शेजारी स्कोप लावून बसायचं आणि गोळी कुठं लागली ते सांगायचं. वर, खाली, डावीकडं, मधोमध. आणि गोळीचं भोक दिसलंच नाही, तर 'दिसलं नाही' असं सांगायचं. अंदाज सांगायचा नाही. नेम धरून साक्षात कर्नल बसलेला असला तरी सांगायचा नाही. निवृत्त झाल्यावर लोक ट्रॅक्टर घेतात नाहीतर पिठाची गिरणी टाकतात. सुभेदारांनी तसलाच एक स्कोप घेतला आणि गच्चीवर लावला. गल्लीत काही दिवस भीतीचं वातावरण होतं. दोन घरांनी तर नवीन पडदे शिवले. पण सुभेदार बघत होते पाण्याच्या टाकीवरच्या घारी. रोज काय बघितलं ते खिशातल्या डायरीत लिहायचे, आणि बघायला जाऊन काही दिसलं नाही, तर तेही तितक्याच सुवाच्य अक्षरात लिहायचे: दिसलं नाही.

मी त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, "सुभेदार, याला कॅमेरा लावू."

"लावा की. पर एक हाय. ह्यातनं जे दिसंल त्येच खरं. त्यात आपल्या मनाचं घालायचं न्हाई."

"मी मोजणीतला माणूस आहे," मी म्हटलं. छाती काढून म्हटलं. ते समाधानानं हसले.

तिपाई माझी आली. मोडीत निघालेल्या मोजणीच्या दुर्बिणीचा लाकडी स्टँड मी जपून ठेवला होता. त्यावर म्हैस उभी केली तरी हलणार नाही. कॅमेरा सांगलीच्या लेकीनं दिलेला, तिच्याकडं नुसता पडून होता. प्रश्न होता कॅमेरा आणि स्कोप जोडायचा. हातानं धरून बघितला, तर पक्ष्याऐवजी माझ्याच पापणीचे फोटो आले. शेवटी साताऱ्याला एमआयडीसीच्या रस्त्याला एका लेथवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्कोपची मागची बाजू तीनदा मापली, कॅमेऱ्याचं नाक तीनदा मापलं, आणि नायलॉनच्या रॉडमधून एक कडं कातून दिलं. एका बाजूनं स्कोपवर बसतं, दुसऱ्या बाजूनं कॅमेऱ्यावर. बसवताना नुसता 'फस' आवाज येतो, इतकं नेमकं.

"ह्ये कशासाठी?" चाचांनी शेवटी विचारलं.

"पक्ष्यांचे फोटो काढायला."

"पक्षी थांबतोय व्हय तवर?" ते म्हणाले. "न्हाई थांबला तर माझ्या कड्याला नाव ठिवू नका."

खरंच थांबत नाही. बोटानं बटण दाबलं तरी स्कोप थरथरतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, हात काढून घ्यायचा आणि श्वास धरायचा. नेमका त्या दोन सेकंदांत पक्षी पाठ फिरवतो. ढुंगणांचा माझ्याइतका मोठा संग्रह जिल्ह्यात कुणाकडं नसेल. पण एक गोष्ट तोफवाल्यांना जमत नाही ती आम्हाला जमते. आम्ही इतक्या लांब बसतो की पक्ष्याला आमचा पत्ताच नसतो, आणि तरी त्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेल्या कडीवरचे आकडे वाचता येतात.

त्या हिवाळ्यात खटावच्या बाजूला एका तळ्यावर पट्टकादंब उतरले. पांढऱ्या डोक्यावर मागं दोन काळे पट्टे असलेले हंस. हिमालय ओलांडून येतात आणि आमच्याकडचा हरभरा खातात. आम्ही रोज पहाटे माझ्या स्कूटरवर जायचो. पुढं मी, मागं सुभेदार, मधे तिपाई. समोरून येणारी एसटी आम्हाला बघून आपोआप बाजूला व्हायची. तिसऱ्या दिवशी सुभेदारांचा डोळा स्कोपला चिकटला तो निघेचना.

"साहेब, ह्या एकाच्या मानंत पट्टा हाय."

होता. हिरवी नळी, तिच्यावर पांढरी अक्षरं. परदेशातले अभ्यासक असे पट्टे घालतात, म्हणजे पक्षी कुठून कुठं गेला ते कळतं. तीन खुणा असतात, एक इंग्रजी अक्षर आणि दोन इंग्रजी आकडे. मी कॅमेरा लावला, टायमर लावला, श्वास धरला. साठ-सत्तर फोटोंत दोन चांगले आले. पी दिसला. चार दिसला. शेवटच्या आकड्यावर चिखल वाळून बसला होता. उजव्या बाजूची नुसती वळणदार कड दिसत होती. तीन असेल, आठ असेल, नऊ असेल, नाहीतर शून्य.

सुभेदार तिथंच काठावर उकिडवे बसले. म्हणाले, "आमी लडाखात हुतो तवा ठाण्याच्या खाली तळं हुतं. हीच पाखरं तितं अंडी घालायची. सबंध उन्हाळा मी रेंजच्या स्कोपातनं त्यांची पिल्लं मोजली. दुसरं काय करनार? तितं आमी आन् ती, एवढंच." मग म्हणाले, "त्यातलं हाय का ह्ये, येवढंच मला कळू दे. लय वर्सं मनात हाय."

हे एवढं स्पष्ट त्यांनी बायकोलाही कधी काही मागितलं नसेल. मी म्हटलं, "चिखल आज ना उद्या धुऊन जाईल. आकडा मिळाला की मी लिहून पाठवतो. ते लोक सांगतात, कुठं पट्टा घातला ते." सुभेदारांनी डायरीत लिहिलं: पी, चार, पुढचं दिसलं नाही.

इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच नीट संपली असती. पण दातांच्या डॉक्टरांचं "या वयात" माझ्या घशात अडकून होतं. त्या रात्री मी पट्ट्याचा फोटो तोफवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. वर तळ्याचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, "खिशातल्या कॅमेऱ्यानं काढलेला." सकाळपर्यंत अंगठे, हात जोडलेले, टाळ्या, फुलं, असा नुसता पाऊस. डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला, "कुठाय?" वर स्पष्ट लिहिलेलं असताना.

चौथ्या दिवशी त्या तळ्याच्या गावचे सरपंच माझ्या दारात उभे. बरोबर चार माणसं आणि एक फेटा. तो फेटा कुणासाठी, हे कळायला मला उशीर लागला.

"आवं साहेब, आमच्या गावाला फॉरेनचं पाव्हणं आल्यात आन् आमालाच ठाव न्हाई? बाहीरनं कळतंय व्हय आमास्नी? पाव्हण्यांचं सोगत झालं पायजे. आन् तुमचा सत्कार."

मी म्हटलं, पक्ष्यांना त्रास होईल. आवाज नको. गर्दी नको.

"आवाज कशाचा? साधाच कारेक्रम. हलगी, औक्षण, दोन शब्द, नाष्टा."

मी नको म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "किती वाजता?" आतून बायको म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट कपाटात वरच्या फळीवर हाय." ती मला चाळीस वर्षं ओळखते.

त्यांनी बॅनरसाठी माझा फोटो मागितला, हंसाचाही मागितला. मी दोन्ही पाठवले. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गावात शिरताना बॅनर दिसला आणि स्कूटर माझ्या हातून जरा डुलली. एसटीच्या थांब्यावर, दोन खांबांना ताणून बांधलेला. 'मंगोलियाहून पधारलेल्या पाहुण्यांचे सहर्ष स्वागत.' मंगोलिया कुणी ठरवलं, विचारलं तर कळलं, छापणाऱ्यानं. मधे सरपंच, दोन्ही हात जोडून. त्यांच्या भोवती गॉगल लावलेले चौदा शुभेच्छुक, वयाप्रमाणं नव्हे तर वजनाप्रमाणं लावलेले. खालच्या कोपऱ्यात मी, 'पक्षीमित्र'. आणि दुसऱ्या कोपऱ्यात, माझ्याहून जरा लहान, हंस.

हंसाची काळी कड गेली होती. मागं बर्फाचे डोंगर आले होते. वाकलेली मान ताठ झाली होती. आणि पट्टा असा लख्ख, जणू आताच धुऊन वाळत घातलाय. त्यावर ठळक अक्षरांत पी, चार, आठ.

"ह्यो आठ कुठनं आला?" सुभेदार मागून म्हणाले.

मी बॅनरवाल्याला तिथंच फोन लावला. तो मोकळ्या मनानं म्हणाला, "साहेब, फोटू लय मळका हुता तुमचा. आकडा अर्धा फुटला हुता. लोक काय म्हनतील? म्हनून साफ करून दिला." त्याला वाईट वाटायचं काहीच कारण नव्हतं. लग्नाच्या फोटोंतल्या नवरींचे मुरूम तो असेच साफ करतो.

मी सरपंचांना सांगू शकलो असतो, आठ काढा. पण मग बॅनर उतरवावा लागला असता, आणि बॅनरवर मीही होतो. मी म्हटलं, "नंतर बघू." सुभेदारांनी स्कूटरवरून तिपाई उतरवली, स्कोप घेतला आणि एकटेच लांबच्या बांधाकडं चालू लागले. जाताना म्हणाले, "उन चढायच्या आत बगतो. तुमी या आटपून." कॅमेरा आणि चाचांचं कडं माझ्या खिशात होतं. ते तसंच खिशात राहिलं.

साधाच कार्यक्रम पुढीलप्रमाणं झाला. तळ्याच्या काठावर मांडव. मांडवात माईक, आणि माईकवर एक माणूस, जो अर्धा तास "हॅलो, हॅलो" एवढंच बोलत होता. सांगलीचे तोफवाले झाडून हजर, पानाफुलांच्या कपड्यांत, मांडवाच्या तांबड्या कापडापुढं उठून दिसणारे. लग्नाची शूटिंग करणाऱ्याचं ड्रोन. पाच सुवासिनी निरांजनाची ताटं घेऊन काठावर उभ्या, कारण पाहुण्यांचं औक्षण केल्याशिवाय त्यांना गावात घ्यायची आमच्याकडं पद्धत नाही. त्यांनी पाचशे पावलांवरच्या हंसांच्या दिशेनं तोंड करून ताटं ओवाळली. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "नवरा कंचा गं ह्यातला?" हसू नका. त्या सगळ्या गर्दीत हंसांकडं बघत असलेली ती एकटीच होती.

मला फेटा बांधला. शाल, नारळ. सरपंच बोलायला उठले. ते म्हणाले, पी अठ्ठेचाळीस हा आपल्या गावचा जावई आहे, दरवर्षी त्याचं असंच स्वागत होईल. टाळ्या पडल्या. मग ते बसले, आणि आमच्याकडं भाषण करून पुढारी बसला की जे होतं ते झालं. कुणी न सांगता, मांडवाच्या मागं कुणीतरी फटाक्यांची दहा हजारांची माळ पेटवली.

दोनेकशे हंस एकदम उठले. पहिल्यांदा मला आवाज ऐकू आला नाही, माळ वाजत होती. नुसते दिसले. तळ्यावरून वर, मग एक मोठी गिरकी, मग डोंगराच्या पलीकडं. तोफवाले उभे राहून धडाधड फोटो काढत होते. डॉक्टर ओरडले, "कडक!" सरपंच माझ्या कानात म्हणाले, "सलामी दिली बगा पाव्हण्यांनी." हंस संध्याकाळी परत आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्या हिवाळ्यात पुन्हा त्या तळ्यावर उतरले नाहीत.

मी शाल अंगावर घेऊनच बांधाकडं गेलो. सुभेदार स्कोपची टोपणं लावत होते.

"आंगूळ कराय लागलं हुतं," ते म्हणाले. "पट्टावालंच. मान पाण्यात घालायचं, झटकायचं. चिकूल सुटत हुता. परत मान खाली घातली आन् माळ वाजली. वर आली ती उडूनच."

"मग? दिसला आकडा?"

"न्हाई दिसला."

डायरी काढून त्यांनी तसं लिहिलं. मी बघितलं.

आता माझं काम सांगतो. घरी आल्यावर पुढचे आठ-दहा दिवस बॅनरचा फोटो माझ्या फोनवर कुठून ना कुठून येत राहिला. पाहुण्यांनी पाठवला, मेहुण्यानं पाठवला, लेकीनं स्टेटसला ठेवला. पी अठ्ठेचाळीस. रस्त्यात लोक विचारत, "काय म्हनतोय तुमचा अठ्ठेचाळीस?" मी माझा मूळ फोटो काढून बघायचो, मोठा करून, भिंग लावून. पहिल्या दिवशी ती नुसती वळणदार कड होती. चौथ्या दिवशी मला आत एक गाठ दिसायला लागली. आठव्या दिवशी तो आठच होता. झाडाखाली बसून आकडे भरणाऱ्यांना निदान ठाऊक असतं की आपण बघितलेलं नाही. माझी मजल त्यांच्याही पुढं गेली.

पट्टे घालणाऱ्यांना कळवायचा फॉर्म संगणकावर असतो. पी, चार, आठ. खाली एक चौकट होती, तुम्हाला तिन्ही खुणांची खात्री आहे का? मी तिच्यावर खूण केली. सुभेदारांच्या घरी गेलो आणि म्हटलं, "फोटो नीट लावून बघितला. आठच आहे. पाठवला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नीट दिसला?"

"दिसला."

मग ते रोज संध्याकाळी दारावरून जाताना विचारायचे, "आलं का उत्तर?" फौजेतल्या जुन्या दोस्तांना त्यांनी फोन करून सांगितलं होतं. त्यातल्या एकानं तर पुसेगावाहून येऊन माझे हात हातात घेतले. "आमच्या तळ्यावरचं असलं तर सांगा साहेब," तो म्हणाला. "लय थंडी हुती वो तितं."

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. फार सभ्य. तुमच्या कळवण्याबद्दल आभार. पी अठ्ठेचाळीस हा पट्टा आम्ही मंगोलियातल्या एका तळ्यावर घातला होता. तो पक्षी चार हिवाळ्यांपूर्वी मेलेला सापडला. पट्टा काढून आम्हाला परत पाठवण्यात आला, आणि तो सध्या आमच्या कपाटात आहे. शेवटच्या आकड्याची कृपया पुन्हा खात्री कराल का?

मेलेल्या हंसाच्या नावानं मी फेटा बांधून घेतला होता. छापणाऱ्याचा मंगोलिया तेवढा बरोबर निघाला.

पुढचा आठवडाभर मी सुभेदारांना "अजून नाही" म्हणत राहिलो. तेवढ्या दिवसांत माझ्या मनात काय काय आलं तेही सांगून टाकतो, अर्धं लपवण्यात अर्थ नाही. लिहू, की तीन असेल. किंवा नऊ. किंवा मेल वगैरे सगळं सोडून सरळ सुभेदारांना सांगू, लडाखचंच होतं तुमचं. म्हातारा माणूस, सुखावेल, कोण जातंय तपासायला? हे शेवटचं मला दोन दिवस चांगुलपणा वाटत होतं.

शेवटी बायकोनं विचारलं, "त्यांना बघून मागल्या दारानं कुठं निघालाय?" मी पुढच्या दारानं निघालो.

सुभेदार ओसरीवर स्कोपची काच पुसत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कपाटातल्या पट्ट्यापर्यंत. मला वाटलं, चिडतील. आवाज चढला असता तर मलाही चढवता आला असता. त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"म्हंजी आठ न्हवता."

"नव्हता."

"मग काय हुता?"

"मला दिसला नाही, सुभेदार. तेव्हाही दिसला नव्हता."

ते आत गेले आणि डायरी घेऊन आले. फोटो काढला त्या दिवसाचं पान काढून माझ्यापुढं धरलं. त्यांच्या सुवाच्य अक्षरात पी, चारच्या पुढं 'दिसलं नाही' होतं, आणि त्यावर एक सरळ रेघ मारून खोडलं होतं. वर लिहिलं होतं, आठ. शेजारी त्यांची सही आणि तारीख.

"सबंध नोकरीत मी माजी नोंद कुणाच्या सांगन्यावरनं खोडली न्हाई," ते म्हणाले. "कर्नल म्हनला तरी न्हाई खोडली. तुमी मोजनीतलं म्हनून खोडली."

मग त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. खाडाखोड करणाऱ्यानं सही करायची, ही रीत त्यांच्याकडंही होती आणि आमच्याकडंही. मी आठवर रेघ मारली. त्याच्या वर जागा उरली नव्हती, म्हणून समासात लिहिलं: दिसलं नाही. सही केली. तारीख घातली. माझं अक्षर त्यांच्याइतकं चांगलं नाही, आणि त्या दिवशी तर अजिबातच आलं नाही.

पट्टे घालणाऱ्यांनाही तेच लिहून पाठवलं. ते म्हणाले, आभारी आहोत, अशी नोंद फार कमी लोक दुरुस्त करतात. मी ते सुभेदारांना दाखवलं नाही.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. हंस आता दुसऱ्या एका तळ्यावर उतरतात. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आम्ही पहाटे जातो, मधे तिपाई घेऊन. बॅनर अजून आहे, तळ्याच्या गावात एका गोठ्यावर घातलाय, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. सरपंचांच्या तोंडावर दगड ठेवलाय. आठ मात्र अजून लख्ख दिसतो, रस्त्यावरून, चालत्या स्कूटरवरून, दुर्बिणीशिवाय. सुभेदार तिथून जाताना तोंड फिरवतात. हिरव्या पट्ट्याचा हंस पुन्हा दिसलेला नाही. मी आता फक्त फोटो काढतो. काय दिसलं ते सुभेदार सांगतात, मला विचारत नाहीत.